१२८ बाइटांचा संसार

अटारीच्या घरगुती यंत्रावर पहिल्यांदा बुद्धिबळ खेळायला बसणाऱ्याला हटकून शंका यायची. आपण चाल केली की समोरचा पट गायब व्हायचा आणि टीव्हीच्या पडद्यावर नुसते रंग बदलत राहायचे. कधी काही सेकंद, कधी काही मिनिटं, आणि सर्वांत कठीण पातळी निवडली असेल तर तासन्‌तास. यंत्र बिघडलं असं समजून कुणी ते बंद करून टाकलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पण यंत्र ठणठणीत असायचं. ते पुढच्या चालीचा विचार करत असायचं, आणि विचार करताना चित्र काढणं त्याला जमत नसे.

१९७९ सालचा हा ‘व्हिडिओ चेस’ काही त्या काळातला सर्वांत गाजलेला खेळ नव्हे. तरी सुरुवात त्याच्यापासून करायची, कारण घरगुती कन्सोलांच्या पहिल्या दशकातले गाजलेले खेळ जसे दिसले तसे का दिसले, याचं उत्तर त्या बदलत्या रंगांत आहे.

‘अटारी व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ हे यंत्र सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेत १९९ डॉलरला विक्रीस आलं. पुढे त्याला ‘अटारी २६००’ हे नाव मिळालं. त्यात ६५०७ नावाचा प्रोसेसर होता, म्हणजे त्या वेळच्या लोकप्रिय ६५०२ ची पाय कापून स्वस्त केलेली आवृत्ती. खेळ ज्या कार्ट्रिजमध्ये यायचा त्यात मुळात जास्तीत जास्त ४,०९६ बाइट मावायचे. सुरुवातीचे बरेच खेळ तर २,०४८ मध्येच आटोपलेले. आणि खेळ चालू असताना जे काही लक्षात ठेवायचं, म्हणजे गुण, जागा, गोळी कुठवर गेली, शत्रू जिवंत आहे की मेला, त्या सगळ्यासाठी रॅम होती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आजच्या संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला सहसा ३ बाइट लागतात, त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. तुम्ही आत्ता वाचत आहात ते हे एवढंसं वाक्यसुद्धा त्या स्मृतीत पुरतं मावणार नाही. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरं. घरटी एक बाइट दिला तर निम्मी रॅम तिथेच संपली.

आता चित्राचं बघा. आजचं कुठलंही यंत्र पडद्यावरचं आख्खं चित्र आधी स्मृतीत तयार करतं आणि मग ते दाखवतं. अटारीच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे सुमारे १९२ ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याला एकच बिट दिला, म्हणजे नुसतं काळं-पांढरं चित्र ठेवायचं म्हटलं, तरी ३,८४० बाइट हवेत. १९७७ मध्ये एवढी रॅम घालून १९९ डॉलरला खेळणं विकणं अशक्य होतं. म्हणून या यंत्रात चित्र कुठेच साठवलेलं नसायचं. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखत खाली यायचा. अमेरिकी पद्धतीत अशा २६२ ओळी, सेकंदाला ६० वेळा. झोत ज्या ओळीवर आहे तेवढ्याच ओळीत काय दाखवायचं, ते प्रोग्रामनं ऐन वेळी सांगायचं, लगेच पुढच्या ओळीची तयारी करायची, आणि ही ओळ विसरून जायची. येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावरचा मोर आडव्या धाग्यागणिक वर चढवत नेतो, तसलं हे काम. फरक एवढाच, की इथे एका सेकंदात पंधरा हजारांहून अधिक धागे पडायचे आणि पदर सेकंदाला साठ वेळा नव्यानं विणावा लागायचा.

एका ओळीच्या वेळात प्रोसेसरचे ७६ ठोके बसत. एका सूचनेला किमान २, बहुतेकींना ३ ते ५ ठोके लागायचे. म्हणजे ओळीमागे वीस-पंचवीस सूचना, संपलं. एक ठोका चुकला की आकृती तीन ठिपके सरकायची. खेळाचा बाकीचा विचार, म्हणजे जॉयस्टिक कुठे वळली, टक्कर झाली का, गुण किती, हा सगळा झोत पडद्याबाहेर असतानाच्या सत्तरेक ओळींच्या फटीत उरकायचा. बुद्धिबळाचा विचार तेवढ्या फटीत कुठला उरकायला? बॉब व्हाइटहेड आणि लॅरी वॅगनर या दोघांनी सरळ चित्र काढणं सोडून दिलं आणि सगळे ठोके विचाराला दिले. म्हणून ते रंग.

हे यंत्र इतकं काटकसरीनं का बांधलं, याचा उलगडा करायला पाचेक वर्षं मागे जावं लागतं.

घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला खेळ १९७२ मध्ये आला, ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’. त्याचा जनक राल्फ बेअर. हिटलरच्या जर्मनीतून १९३८ मध्ये कुटुंबासह निसटलेला हा ज्यू मुलगा पुढे अमेरिकेत संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या सँडर्स असोसिएट्स या कंपनीत इंजिनिअर झाला, आणि १९६६ पासून टीव्हीवर खेळ खेळता येतील का या कल्पनेमागे लागला. ओडिसीला आवाज नव्हता, गुण मोजायची सोय नव्हती. पडद्यावर दोन-तीन चौकोन आणि एक रेघ. बाकीची सजावट म्हणजे पडद्यावर चिकटवायची रंगीत पारदर्शक प्लास्टिकची चित्रं. खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही दिलेल्या. खेळ असा की निम्मा टीव्हीत आणि निम्मा जाजमावर. त्याच साली अटारीचा ‘पाँग’ हा टेनिसचा खेळ पैसे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांत आला आणि धो-धो चालला. १९७५ च्या नाताळात सिअर्सच्या दुकानांतून त्याची घरगुती आवृत्तीही निघाली. पण ती एकच खेळ खेळणारी पेटी होती. चार आठवड्यांत कंटाळा आला की माळ्यावर.

खेळ बदलता येण्याची सोय आणली ती फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’नं, नोव्हेंबर १९७६ मध्ये. त्या कामाचा प्रमुख होता जेरी लॉसन, त्या काळच्या सिलिकॉन व्हॅलीत बोटांवर मोजण्याइतक्या कृष्णवर्णीय इंजिनिअरांपैकी एक. मुलं कार्ट्रिज खुपसणार आणि उपसणार, त्यात स्थिर विजेनं चिप जळता कामा नये, जोड झिजता कामा नये, असल्या बिनचमकदार प्रश्नांवर त्याच्या चमूनं डोकं खपवलं. चॅनल एफ फारसा खपला नाही. पण वस्तू एकदा घ्यायची आणि खेळ विकत घेत राहायचं, हा धंदा तिथून सुरू झाला.

अटारीचं यंत्र या दोन्हींनंतरचं. स्टीव्ह मेयर, रॉन मिलनर आणि जो डेक्यूर यांनी त्याचा आराखडा केला, चित्राची चिप जे मायनर यानं घडवली. त्यांच्या डोळ्यांसमोर दोनच खेळ होते, पाँग आणि रणगाड्यांची लढाई. त्यामुळे चिपनं दिलं तेवढंच: दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या, एक चेंडू, आणि मागची भिंत. भिंतही अर्ध्याच पडद्याची सांगायची, उरलेला अर्धा आरशासारखा उलटा किंवा जसाच्या तसा पुन्हा उमटायचा. त्या काळचे बहुतेक खेळ डाव्या-उजव्या बाजूंनी सारखे दिसतात, ते कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. यंत्रासोबत फुकट मिळणारा ‘कॉम्बॅट’ हा खेळ म्हणजे या चिपचं जणू जाहीर प्रात्यक्षिक: दोन रणगाडे, दोन गोळे, मधे सममित भिंती. खोक्यावर मात्र धडाडणाऱ्या तोफा आणि झेपावणारी विमानं रंगवलेली असायची. पडद्यावर जे दाखवता येत नव्हतं ते अटारी खोक्यावर दाखवायची, आणि माझ्या मते मुलांनी त्याबद्दल तक्रार फारशी कधी केली नाही. अर्धा खेळ खोक्यावरचं चित्र आठवत खेळायचा असतो, हे त्यांना कळत होतं.

दोन रणगाड्यांसाठी बांधलेल्या यंत्रावर मग तिसरं काही कसं करायचं? पुढची पाच-सहा वर्षं याच प्रश्नात गेली, आणि त्यातूनच ते खेळ निघाले जे आजही लोक आठवतात.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जपानच्या ताइतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यानं १९७८ मध्ये बनवलेला खेळ. पैसे टाकून खेळायच्या मूळ यंत्रात परग्रहवासीयांच्या ५ रांगा, रांगेत ११, असे ५५ शत्रू. एकेक मारत गेलं की उरलेल्यांचा वेग वाढायचा. हा थरार मुळात योगायोगाचा: चित्रं कमी झाली की प्रोसेसरला काम कमी, म्हणून तो भराभर चालायचा, निशिकादोनं ते तसंच राहू दिलं. अटारीनं त्याचा परवाना घेतला आणि रिक मॉरर यानं तो घरच्या यंत्रावर उतरवला. खेळाडूच्या दोनच आकृत्या दाखवू शकणाऱ्या यंत्रावर शत्रूंची फौज आणायची कुठून? चिपमध्ये एक बारीकशी सोय होती, एका आकृतीच्या शेजारी तिच्याच आणखी दोन प्रती उमटवायची. दोन आकृत्या, प्रत्येकीच्या तीन-तीन प्रती, एकीआड एक बसवल्या की रांगेत सहा. म्हणून घरच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये सहा रांगांत सहा-सहा, एकूण ३६ शत्रू आहेत. बुद्धिबळाच्या वेळी तर आठ सोंगट्या एका रांगेत हव्या होत्या. तिथे व्हाइटहेडनं एका ओळीत चार आणि खालच्या ओळीत उरलेल्या चार अशा खिडकीच्या पट्ट्यांसारख्या चिरून दाखवल्या.

१९८० मध्ये हा खेळ दुकानांत आला आणि यंत्राचं नशीब पालटलं. तोवर लोक यंत्र घेत आणि त्यासाठी खेळ शोधत. आता केवळ हा एक खेळ घरी खेळता यावा म्हणून लोक यंत्र घेऊ लागले. आर्केडमधला गाजलेला खेळ परवाना घेऊन घरी आणायचा, ही वाट इथून रुळली.

त्याच वर्षी आलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ मात्र कुठल्याही आर्केडमधून आलेला नव्हता, आणि तो मला या सगळ्यांत जास्त आवडतो. अटारीतल्या वॉरन रॉबिनेट या तरुणानं स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत मोठ्या संगणकावरचा एक खेळ पाहिला होता. त्यात चित्रं नव्हतीच. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा उचल’ अशा आज्ञा टाइप करत गुहेत भटकायचं. तो खेळ शेकडो किलोबाइट स्मृती खायचा. रॉबिनेटच्या वरिष्ठानं हे चार किलोबाइटांत होणं शक्य नाही, नाद सोड, असं बजावलं. रॉबिनेटनं नाद सोडला नाही.

त्यानं शब्द टाकून दिले आणि जागा ठेवल्या. नायक म्हणजे एक चौकोनी ठिपका. तोही खेळाडूची आकृती वापरून नव्हे; त्या दोन आकृत्या वस्तूंसाठी राखायच्या होत्या, म्हणून पाँगच्या चेंडूची चिपमधली सोय त्यानं नायकासाठी वळवली. पडदा संपला की दुसरी खोली. अशा तीस खोल्या. तलवार, किल्ल्या, पूल, लोहचुंबक, आणि तीन ड्रॅगन, जे खरं सांगायचं तर बदकासारखे दिसतात. सगळ्यात अस्सल गोष्ट म्हणजे वटवाघूळ. ते आपण पाहत नसलेल्या खोल्यांतही उडत राहतं, वस्तू पळवतं, आणि मन मानेल तिथे टाकतं. १२८ बाइटांत रॉबिनेटनं असं जग उभं केलं, जे खेळाडूची पाठ वळली तरी चालूच राहतं.

अटारीत खेळ लिहिणाऱ्याचं नाव कुठेही छापायचं नाही असा दंडक होता. एक खेळ एकच माणूस लिहायचा: कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, ओळ न् ओळ त्याची. पण खोक्यावर, पुस्तिकेत, पडद्यावर फक्त कंपनीचं नाव. रॉबिनेटनं गुपचूप एक खोली जास्तीची केली. काळ्या किल्ल्यातल्या भूलभुलैयात, एका बंदिस्त जागी, जमिनीच्याच करड्या रंगाचा एकच ठिपका पडलेला आहे. तो दिसत नाही, चाचपडताना लागतो. तो उचलून पिवळ्या किल्ल्याखालच्या एका दालनात आणायचा आणि तिथे आणखी दोन वस्तू ठेवायच्या. एकाच खोलीत इतक्या वस्तू झाल्या की चिपची ओढाताण होते, चित्रं लुकलुकायला लागतात, आणि त्या लुकलुकण्यात भिंतीतून पलीकडे जाता येतं. पलीकडच्या खोलीत रंग बदलत्या अक्षरांत उभं लिहिलेलं आहे की हा खेळ वॉरन रॉबिनेटनं बनवला. यंत्राच्या दुबळेपणाचीच त्यानं किल्ली केली.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही, आणि खेळ बाजारात यायच्या सुमारास नोकरी सोडली. पुढे युटा राज्यातल्या एका १५ वर्षांच्या मुलानं ती खोली शोधून काढली आणि अटारीला पत्र लिहिलं. कंपनीत खळबळ उडाली; पण चिपचा साचा बदलायचा म्हणजे हजारो डॉलरांचा खर्च. स्टीव्ह राइट या अधिकाऱ्यानं सुचवलं की असू द्या, मुलांना ईस्टरच्या सणाला लपवलेली अंडी शोधल्यासारखी मजा येईल. खेळात किंवा सॉफ्टवेअरमध्ये दडवलेल्या गमतीला ‘ईस्टर एग’ म्हणतात ते तेव्हापासून. हा खेळ दहा लाखांवर खपला. रॉबिनेटला मिळाला तो फक्त त्याचा ठरलेला पगार.

आता अटारीच्या वरच्या मजल्यावर जाऊ. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सनं २ कोटी ८० लाख डॉलरला ही कंपनी घेतली होती, आणि संस्थापक नोलन बुशनेल बाहेर पडल्यावर सूत्रं आली रे कसार याच्याकडे. कसार बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड कंपनीतून आलेला. विक्री, जाहिरात, वितरण यांत तो तरबेज होता, आणि अटारीला बारमाही धंदा त्यानंच करून दिला, हेही मान्य करायला हवं. पण खेळ लिहिणारी ही पोरं त्याला टॉवेलवरची नक्षी काढणाऱ्यांसारखी वाटत, असं प्रोग्रामर डेव्हिड क्रेन यानं पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. क्रेनच्या सांगण्यानुसार १९७८ च्या खपाचा तक्ता विक्री विभागानं वाटला, तेव्हा त्याच्या आणि अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड, लॅरी कॅप्लन यांच्या लक्षात आलं की कार्ट्रिजच्या निम्म्याहून जास्त उत्पन्नामागे आपण चौघे आहोत. गाणाऱ्याला जशी रेकॉर्डमागे रॉयल्टी मिळते तशी मिळावी आणि नाव छापावं, एवढं मागायला ते गेले. नकार घेऊन परतले, आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये संगीत व्यवसायातून आलेल्या जिम लेव्हीबरोबर त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवून विकणारी ही पहिली कंपनी. अटारीनं दावा लावला. तडजोड होऊन अ‍ॅक्टिव्हिजननं रॉयल्टी द्यायचं ठरलं, आणि त्याबरोबर असा धंदा करता येतो यावर शिक्कामोर्तब झालं. याचे परिणाम पुढे येतीलच.

अ‍ॅक्टिव्हिजनच्या पुस्तिकेत खेळ लिहिणाऱ्याचं नाव असायचं, फोटो असायचा, आणि खेळ कसा खेळावा याबद्दल त्याच्याकडून चार सूचना असायच्या. ठरावीक गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला की कंपनी कापडी बिल्ला पाठवायची. अमेरिकेतल्या किती आयांनी मुलांच्या जाकिटांवर ते बिल्ले शिवून दिले असतील!

१९८२ मध्ये आलेला क्रेनचा ‘पिटफॉल!’ हा या कंपनीचा मुकुटमणी. जंगलातून पळणारा माणूस, वेलीला लटकून ओलांडायचे खड्डे, मगरींच्या डोक्यांवरून उड्या, २० मिनिटांत ३२ खजिने. पण खरी कमाल दिसत नाही ती आहे. या जंगलात २५५ वेगवेगळे पडदे आहेत. प्रत्येकाचा नकाशा कार्ट्रिजमध्ये ठेवायचा तर चार किलोबाइट कधीच संपले असते. क्रेननं एकही नकाशा ठेवला नाही. एक बाइट घ्यायचा, त्यातले आठ बिट एक घर सरकवायचे, आणि रिकाम्या झालेल्या जागी काही ठरावीक बिटांच्या बेरीज-वजाबाकीतून येणारा बिट घालायचा. योग्य बिट निवडले की शून्य सोडून सर्वच्या सर्व २५५ संख्या एकेकदा येऊन साखळी पुन्हा पहिल्याशी जुळते. त्या संख्येचे काही बिट सांगतात झाडं कुठे, काही सांगतात खड्डा की तळं की विंचू, काही सांगतात खजिना आहे का. उजवीकडे गेलं की साखळी पुढे, डावीकडे गेलं की तीच उलटी. सारं जंगल पन्नासेक बाइटांत. कोणती साखळी खेळायला मजेची होईल, हे मात्र गणित सांगत नाही. क्रेन वेगवेगळ्या सुरुवाती करून पाहत बसला आणि त्यातली एक उचलली. ‘पिटफॉल!’च्या ४० लाखांवर प्रती गेल्या.

कॅरोल शॉचा ‘रिव्हर रेड’ त्याच वर्षीचा. बर्कलीत शिकलेली शॉ त्या काळी हे काम करणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. विमान नदीवरून उडतं, दोन्ही काठ सरकत येतात, इंधन संपत जातं. आरशासारखं उलटं उमटणाऱ्या भिंतीचं काय करायचं, हा प्रश्न इतरांना अडचण वाटला. शॉनं तिथे नदी वाहवली. दोन काठ सारखे असले तर नदीत कुणाला खटकतं? नदीचे वळसे तिनंही अशाच सरकत्या संख्यांमधून काढले, त्यामुळे नदी जवळजवळ संपतच नाही.

याच वर्षी अटारीचं ‘पॅक-मॅन’ आलं. नाम्को कंपनीसाठी तोरू इवातानीनं केलेल्या मूळ खेळानं अमेरिका झपाटलेली होती, त्यामुळे घरची आवृत्ती खपणार हे ठरलेलंच. हे काम टॉड फ्राय या तरुणाकडे आलं. एक पॅक-मॅन आणि चार भुतं, म्हणजे पाच हलत्या आकृत्या, यंत्राकडे दोन. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधली प्रतींची युक्ती इथे चालत नाही, कारण भुतं रांगेत फिरत नाहीत. शिवाय दोन खेळाडू आळीपाळीनं खेळणार, तर प्रत्येकानं खाल्लेल्या कणांचा हिशेब १२८ बाइटांतच ठेवायचा. फ्रायनं चारही भुतं पाळीपाळीनं दाखवली, प्रत्येक चित्राला एक. परिणामी भुतं लुकलुकतात. गोल कणांच्या जागी आडव्या रेघा आल्या, भूलभुलैया निराळा झाला, आणि ते ओळखीचे आवाज गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मिस पॅक-मॅन’ला दुप्पट मोठी कार्ट्रिज मिळाली आणि तो खेळ त्याच यंत्रावर कितीतरी देखणा निघाला. म्हणजे दोष फ्रायच्या हातात किती आणि कार्ट्रिजचा खर्च वाचवण्यात किती, हे वाचकांनीच ठरवावं. अटारी २६०० चा सर्वाधिक खपलेला खेळ हाच. सत्तर लाखांच्या आसपास. आणि घेऊन हिरमुसलेल्यांची संख्याही त्याच मापात असावी.

एव्हाना अ‍ॅक्टिव्हिजनचं यश पाहून जो तो खेळ काढू लागला होता. ओट्स विकणाऱ्या क्वेकरनं खेळांची कंपनी घेतली. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या प्युरिनाचा खेळ आला, सरबताच्या पुडीचा आला, आणि जॉन्सन अँड जॉन्सननं दात वाचवायचा खेळ काढला. यंत्रात कुलूप नव्हतं. कुणाचीही कार्ट्रिज चालायची. पण ७६ ठोक्यांत ओळ विणणारे हात थोडेच होते, आणि ते पैसे टाकून रातोरात तयार होत नव्हते.

या धांदलीत ‘ई.टी.’चा खेळ आला. स्टीव्हन स्पीलबर्गचा हा चित्रपट १९८२ च्या जूनमध्ये लागला. वॉर्नरनं त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलरांहून अधिक मोजल्याचं सांगतात. बोलणी लांबली आणि जुलैअखेर काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉच्या पदरात पडलं. नाताळच्या बाजारासाठी १ सप्टेंबरला खेळ तयार हवा होता. हाताशी पाचेक आठवडे, जिथे त्याच्या आधीच्या ‘यार्स रिव्हेंज’ला सहा-सात महिने लागलेले. वॉरशॉनं घरी यंत्रणा नेऊन ठेवली आणि वेळेत खेळ दिला. त्यातली कल्पना वाईट नाही: तुकडे गोळा करून फोन जोडायचा आणि घरी परतायचं. पण ई.टी.चं डोकंसुद्धा खड्ड्याच्या कडेला लागलं की तो आत पडतो, बाहेर निघतो, पुन्हा पडतो. दोन आठवडे इतर मुलांना खेळायला देऊन हे सुधारता आलं असतं, पण ते दोन आठवडे नव्हते. जगातला सर्वांत वाईट खेळ अशी त्याची ख्याती झाली. मला तरी हा अन्याय वाटतो. त्याहून कितीतरी वाईट खेळ त्या वर्षी दुकानांत पडून होते, फक्त त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

७ डिसेंबर १९८२ ला वॉर्नरनं जाहीर केलं की अपेक्षेइतका नफा होणार नाही, आणि शेअर कोसळले. पुढचं वर्ष दुकानदारांचं गेलं. न खपलेला माल ते कंपन्यांना परत करू पाहत, तर निम्म्या कंपन्या बंद पडलेल्या. मग पस्तीस डॉलरची कार्ट्रिज टोपल्यांत ओतून पाच डॉलरला. आणि पाच डॉलरला ढीगभर खेळ मिळत असताना नवा, चांगला खेळ पस्तीसला कोण घेणार? १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला, आणि १९८४ मध्ये वॉर्नरनं घरगुती यंत्रांचा विभाग जॅक ट्रॅमिएलला विकून टाकला.

सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत अटारीनं ट्रक भरभरून माल पुरला आणि वर काँक्रीट ओतलं. लाखो ‘ई.टी.’ तिथे गाडले आहेत अशी दंतकथा तीस वर्षं चालली. एप्रिल २०१४ मध्ये एका माहितीपटासाठी ती जागा खणली तेव्हा सुमारे १,३०० कार्ट्रिज वर काढल्या, त्यांत ‘ई.टी.’ होतेच; पण बहुसंख्य इतर खेळ निघाले, चांगले खपलेले, नावाजलेलेसुद्धा. तोवर मानसोपचारतज्ज्ञ झालेला वॉरशॉ खड्ड्याच्या काठावर हजर होता. आणि स्पीलबर्गनं २०१८ च्या ‘रेडी प्लेअर वन’ या चित्रपटाच्या कळसाला जो खेळ ठेवला, तो त्याच्या स्वतःच्या ‘ई.टी.’चा नव्हता. तो होता रॉबिनेटचा ‘अ‍ॅडव्हेंचर’, लपलेल्या खोलीसह.

अमेरिकेत दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढू देत नव्हते, त्याच १९८३ च्या जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोनं ‘फॅमिकॉम’ आणला. दोन वर्षांनी तो अमेरिकेत जाताना त्यात कुलपाची एक चिप बसवली गेली: निन्टेन्डोनं मान्य केलेली कार्ट्रिजच चालेल, ती निन्टेन्डोच बनवणार, आणि एका कंपनीला वर्षाला ठरावीकच खेळ काढता येणार. अटारीच्या पडझडीचा अर्थ त्यांनी असा लावला. नावांच्या बाबतीत मात्र जपानी कंपन्या कसारच्याच वाटेनं गेल्या. चांगला माणूस दुसऱ्यानं पळवू नये म्हणून खेळाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत कितीतरी काळ टोपणनावंच झळकत.

जपानी फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हतं, आणि त्यामुळे त्याच्या नकला करणं सोपं होतं. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीला जोडली गेली ती बहुतेक याच नकली यंत्रं, ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’सकट. ‘एकात ९९९९ खेळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात खेळ पाच-पंचवीस असत आणि तेच पुन्हा पुन्हा येत. अनेक नकलांमध्ये तर सुरुवातीच्या पडद्यावरून कंपनीचं नावसुद्धा खोडलेलं असे.